हौसाची चूक

मला लोक गोष्टी सांगायला बोलावतात आणि मीही रंगवून सांगतो — हातवारे करून, हडळीचे आवाज काढून. ही एक मात्र ओठांवर आली की गिळतो. बायकोलाही सांगितलेली नाही. जरा जवळ सरका.

दुष्काळाचं वर्ष होतं. अकोल्याकडच्या डोंगरात मी सातवीला विज्ञान शिकवायचो. वय चोवीस, अंगात नाटक भरलेलं. मुलांना पहिलंवहिलं संशोधन दिलं — गावच्या विहिरीचं पाणी रोज मोजायचं. दोराला दगड, हात-हात अंतरावर गाठी. काठापासून पाण्यापर्यंत किती गाठी भरल्या ते वहीत मांडायचं. मोजणी हौसाकडे, वर्गातली सगळ्यांत नेटकी पोर. पाणी रोज खाली. आठवड्यात सगळे कंटाळले.

"गुर्जी, पानी आटतंय ह्ये म्हशीलाबी कळतं," हौसा म्हणाली. "यात शोध कसला?"

वर्ग हसला. मीही हसलो — आणि खोडी सुचली. गुपचूप दोराची एक गाठ सोडली. आता एक गाठ कमी भरणार, पाणी हातभर चढल्यासारखं दिसणार! पोरं दोर तपासतील, मग मी ऐटीत सांगणार — पहिला संशय आपल्याच साधनावर घ्यावा. केवढा सुंदर धडा, नाही?

दोर कुणीच तपासला नाही. गुरुजींच्या दोरावर कोण संशय घेईल? त्या विहिरीत पूर्वी एका बाळंतिणीने जीव दिला होता. पावसाचा थेंब नाही आणि पाणी चढतं? दुसऱ्या दिवशी काठावर हळदकुंकू होतं, घागर एकही नव्हती. बाया डोंगर उतरून लांबच्या डबक्यावर जाऊ लागल्या.

घाबरून मी गाठ पुन्हा बांधली. हौसाने दोर सोडला. मोजलं. पुन्हा मोजलं. पाणी चढलेलंच होतं. मी वाकून पाहिलं — भर दुपारी, खाली माझंच तोंड, आणि ते जवळ आलेलं. पुढच्या दिवशी आणखी जवळ. हसत कोण होतं, ते की मी?

कारण हौसाने शोधलं. "कुनी भरीतच न्हाई गुर्जी, म्हनून झरा साठतोय." बारा वर्षांची पोर! मग चढलेल्या पहिल्या आकड्यावर बोट ठेवलं. "पर त्या दिशी तर समदी भरत हुती. मंग तवा कसं चढलं?"

"मी गाठ सोडली" — एवढे तीनच शब्द बोलायचे होते. पण वर्गाच्या दारात सरपंच होते, मागे बायांचे नवरे. मी काय म्हणालो?

"तू चुकलीस. त्या दिवशी नीट मोजलं नाहीस."

तिने पट्टी घेतली आणि तो आकडा सरळ रेषेत खोडला.

गावाने सगळा बोल तिलाच लावला. बापाने तिला शाळेतून काढून खडी फोडायच्या कामावर नेलं. वर्ष संपेपर्यंत मी हजेरी घेताना तिचं नाव वाचायचो, थांबायचो — आणि पुढचं नाव घ्यायचो.