थंक्याची मागची बाजू

आमच्या घरातला बुद्ध मी स्वतःच्या हातानं प्लायवूडला चिकटवला, आणि मी चिकटवलेली वस्तू सहसा निघत नाही.

थंका म्हणतात त्याला. सुती कापडावर रंगवलेला बुद्ध, भोवती रेशमी काठ, गुंडाळून ठेवता येणारा. माझा धाकटा भाऊ बाळू फौजेत आहे. लडाखात त्यानं स्टॅनझिन नावाच्या सोबत्याला बर्फातून पाठीवर घेऊन खाली आणलं, तेव्हा स्टॅनझिनच्या भिक्खू काकांनी तो थंका बाळूला दिला. बाळूनं तो आमच्या गावी, बेल्याला आणून माझ्या हवाली केला. (इथंच चुकलं!) भिंतीवर तो वाऱ्यानं फडफडायचा आणि मला फडफडणारी वस्तू सहन होत नाही. मी प्लाय आणलं, डबाभर पांढरा गम आणला.

"अवो, मांगं कायचे तरी लाल डाग हायेत," बायको म्हणाली.

"डागच हायेत ना? मंग झाकले जाते!"

वर गव्हाची दोन पोती ठेवली. काम पक्कं झालं.

पुढे बाळूचा फोन आला. "दादा, स्टॅनझिन येऊन राह्यला. त्याचे काका वारले. काकानंच वाढवलं होतं त्याले. थंका पाहाचा म्हन्ते."

स्टॅनझिन आला. हात-पाय धुतले, थंक्यासमोर तीनदा जमिनीला कपाळ टेकलं. माझी छाती फुगली. मग तो हळूच म्हणाला, "भैया, इसको पलट दीजिए."

"पीछे क्या रहता? सब सामनेच है!"

"पीछे चाचाजी के हाथ हैं. पूजा करके दोनों हाथ छापे थे. वही छूने आया हूँ."

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. आपल्याकडे लग्नघरी भिंतीवर हळदीचे थापे मारतात, तसे ते थापे होते. मी त्यांना डाग म्हणालो होतो! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"चिपका दिया," मी म्हणालो. "पूरा."

कोमट पाणी, ओलं फडकं, बोथट सुरी. दुपारभर तिघं खाली बसून होतो. शेवटी कापड सुटलं. मागची बाजू कोरी! लाल रंगाचा ठिपकासुद्धा उरला नव्हता. एका माणसाचे हात मी पुसून टाकले होते.

"भैया, इधर देखिए."

प्लायवर दोन लाल हात उमटले होते. स्टॅनझिननं त्यांवर आपले तळवे ठेवले आणि रडला. मीही रडलो, त्याच्यापेक्षा मोठ्यानं. शेवटी बायकोनं पाणी आणलं ते मलाच द्यावं लागलं.

तेवढ्यात ती वाकून म्हणाली, "हे दोन लाल. हा तिसरा काळा कोनाचा?"

माझा! गम लावायला बसण्याआधी मी मोटरसायकलची चेन चढवली होती.

स्टॅनझिननं तो पुसू दिला नाही. थंका आमच्याकडे ठेवला आणि प्लाय रेशमी कापडात गुंडाळून घेऊन गेला. बाळू सांगतो, तिकडे प्लायसमोर रोज दिवा लागतो आणि येणारा-जाणारा तिन्ही हातांवर डोकं टेकवतो. इकडे आमच्या घरात तो हात कशालाही लावायची मला सक्त बंदी आहे.