भिंतीवरची टिकली

आदरणीय मृणालताईंच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात मीही चार ओळी लिहाव्यात, असं संपादक मंडळींनी सांगितलं तेव्हा मी सरळ नाही म्हणालो. नाच आणि मी, संबंध काय? सुभेदार म्हणून निवृत्त झालेला माणूस मी. फौजेत मला पाय आपटायला शिकवलं, तेवढीच माझी कला. पण आमच्या मंडळी म्हणाल्या, "आवं, तुमी न्हाई लिवायचं तर कुनी लिवायचं?" हुकूम झाला, म्हणून लिहितो.

ताईंची पहिली भेट नात सई हिच्यामुळे झाली. आम्ही मूळचे माणचे. मुलगा कुपवाडच्या कारखान्यात लागला, म्हणून त्याच्याजवळ राहायला आलो. सईने कुठेतरी बॅले पाहिला आणि हट्टच धरून बसली. सांगलीत हळदीच्या एका गोदामावर, पहिल्या मजल्यावर, ताईंचा वर्ग. जिना चढताना हळदीचा वास आणि वरून पियानोचे सूर, असं अजब मिश्रण होतं. दारात पोचलो तर पोरी उड्या मारत होत्या, आणि खाली उतरताना आवाजच नाही! दोरीवर वाळणारी साडी वाऱ्याने उचलावी आणि परत खाली सोडावी, तसं काहीतरी चाललं होतं. बाहेरच्या बाकावर बसलो, तो तास संपला तरी उठलो नाही. शेवटी सईच हलवायला आली, "आबा, झोपलात का?" झोपलो नव्हतो, पण कुठेतरी लांब गेलो होतो खरा.

ताई मूळच्या वाईच्या. मुंबईत शिकल्या, तिथेच बरीच वर्षं शिकवलं आणि मग इकडे परतून हा वर्ग काढला. सुरुवातीला लोकांनी काय काय विचारलं! एक काका म्हणे, "लग्नाच्या संगीतात चालंल का हे?" ताई म्हणाल्या, "चालेल की. नवरीला फक्त दोन वर्षं आधी पाठवा." सरावाच्या वेळी हात टेकायला लांब आडवा दांडा लागतो, त्याला बार म्हणतात. तो त्यांनी कुपवाडहून नळाच्या पाइपचा बनवून आणला. तंग कपड्यांवरून कुजबुज झाली, तर "सलवारीतही गुडघे वाकतात," एवढंच उत्तर. कवठे महांकाळहून दोघी बहिणी येतात. त्यांची एसटी लांबली की अख्खा वर्ग थांबतो आणि ताई तोवर सगळ्यांना नुसतं नीट उभं राहायला लावतात. उभं राहणं हाही नाचच, असं त्यांचं म्हणणं. मला ते लगेच पटलं.

पण मी आज लेखणी धरली ती मालनसाठी, म्हणजे आमच्या मंडळींसाठी. तिला कानाचं दुखणं झालं आणि त्यातून चक्कर मागे लागली. दुखणं गेलं, डॉक्टरांनी आता चाला म्हणून सांगितलं, पण मनातली भीती जाईना. माणच्या माळावर शेरडांमागे धावलेली बाई ती, न्हाणीपर्यंत जायचं तरी माझा दंड आवळून धरायची. हळदीकुंकू बंद, शेजार बंद, हळूहळू बोलणंही बंद. आपलं माणूस डोळ्यांदेखत खाटेला चिकटत चाललेलं बघणं फार वाईट. मी पार हादरलो होतो.

एकदा बाकावर बसून ताईंपाशी मन मोकळं केलं. त्या म्हणाल्या, "सुभेदारसाहेब, वहिनींना घेऊन या."

"काय करायला?"

"बॅले शिकायला."

मला वाटलं, थट्टा करतात. घरी सांगितलं तर मालन कितीतरी दिवसांनी हसली. "म्हातारीला नाचाय लावता व्हय? लोकं काय म्हंतील!" पण आली. तिला वर न्यायला ताई स्वतः जिना उतरून खाली आल्या.

मालनने बार असा पकडला की बोटं पांढरी पडली. ताई म्हणाल्या, "वहिनी, बार धरायचा नसतो. त्यावर हात ठेवायचा. झोपलेल्या बाळाच्या अंगावर ठेवतो ना, तसा."

"आनि पडले म्हंजी?"

ताईंनी आपल्या कपाळावरची टिकली काढली आणि समोरच्या भिंतीवर, मालनच्या नजरेसमोर चिकटवली. गिरकी घेणाऱ्या पोरीही चक्कर येऊ नये म्हणून अशीच एका जागी नजर लावतात, हे मला तेव्हा कळलं. "बाकी सगळं फिरू दे," ताई म्हणाल्या, "ही हलणार नाही." पियानो सुरू झाला. मालनने गुडघे हळूच वाकवले, परत सरळ केले. शेजारी सई तेच करत होती.

मध्येच एकदा तिचा तोल गेला. मटकन खाली बसली आणि उद्यापासून येत न्हाई म्हणाली. ताईही तिच्याशेजारी फरशीवर पाय पसरून बसल्या, मग सगळ्या पोरी बसल्या, आणि त्या दिवशीचा वर्ग बसूनच झाला. दुसऱ्या दिवशी मालन माझ्या आधी तयार.

पुढे आमच्या घरभर टिकल्या झाल्या. फ्रिजवर, न्हाणीच्या दारावर, तुळशीकट्ट्यावर. सून म्हणायची, "आत्या, आता मलाच टिकली उरंना झालीय!"

मागच्या महिन्यात एका सकाळी मालन ओसरीच्या खांबाला धरून उभी होती. मला जवळ बोलावलं आणि माझ्या सदऱ्याच्या वरच्या बटणाशेजारी टिकली चिकटवली. "आता फाटकापाशी जाऊन हुबं ऱ्हावा."

"अगं, धरायला कोण?"

"कुनी न्हाई. तुमी निस्तं हुबं ऱ्हावा. हलू नगा."

मी मोठमोठ्या साहेबांसमोर सावधान उभा राहिलोय, पण असा कधी नाही. तिने खांब सोडला. अंगण ओलांडून ती एकटी येत होती, नजर माझ्या छातीवर. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायची सोय नव्हती. आली, आणि टिकलीवर हात ठेवला, अगदी हलका. म्हणाली, "चला, ताईस्नी सांगून येऊ."

ताई, तुम्हाला उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो, हे या ग्रंथात सगळेच लिहितील, आणि माझीही प्रार्थना तीच. मालनचं मागणं तेवढं वेगळं आहे. ते तिच्याच शब्दांत देतो: "ताई, आमचं समदं फिरू दे. तुमी तेवढ्या हलू नगा."