सुभेदारांच्या जीपला टर्बो

गॅरेजात गाड्या कमी आणि गोष्टीच जास्त साठतात. आष्ट्यात रशीद मिस्त्रीच्या गॅरेजात मी वायरिंगची कामं करतो. गाडी दुरुस्त होऊन जाते, किस्सा मात्र आमच्याकडंच राहतो. त्यात निम्मे किस्से एकट्या सुभेदारांच्या जीपचे!

सुभेदार म्हणजे रिटायर्ड फौजी. जीप जुनी, इंजिन पार दमलेलं. त्यांच्या बायकोचं, म्हणजे आमच्या काकींचं, माहेर साताऱ्याच्या वर, घाट चढून. यंदा काकींनी बजावलं, "घाटात मला खाली उतराय लावलंसा, तर ही जीप भंगारात!"

सीमेवर न घाबरलेला माणूस दुसऱ्याच दिवशी गॅरेजात हजर. "मिस्त्री, इंजिनच बदल. पण जीप घरातनं जाता कामा न्हाई."

*

पलूसला टर्बोवालं डिझेल इंजिन मिळालं. सुभेदारांनी आरटीओची परवानगी काढून आणली. मिस्त्रीनं जुनं इंजिन उतरवून नवं बसवलं, रेडिएटर मोठा टाकला, आणि बघतो तर बॉनेट लागेना! बोटभर कमी पडत होतं.

सुभेदार म्हणाले, "बॉनेटला भोक पाड की."

मिस्त्री भडकला. "आवं, टोपी बसंना म्हणून टोपीला कुणी भोक पाडतंय व्हय?"

दोन दिवस वेल्डिंग करून गड्यानं इंजिन बोटभर खाली घेतलं. बॉनेट लागलंच!

*

मग स्टार्ट करायचा मुहूर्त. सेल्फ मारून मारून बॅटरी बसली, तरी इंजिन ढिम्म. मी सगळं वायरिंग तीनदा तपासलं. मिस्त्री घामाघूम.

तासाभरानं सुभेदार ऐटीत म्हणाले, "गाडी वर्कशॉपला द्यायच्या आदी टाकी मोकळी करायची, ही आमची फौजेतली शिस्त. शेवटचा थेंबसुदिक ठेवला न्हाई!"

मिस्त्री मटकन स्टुलावर बसला. "सुभेदार, लढाईला जाताना गोळ्याबी घरीच ठेवत हुता काय?"

डिझेल ओतलं, दुसरी बॅटरी जोडली आणि इंजिन असं गरजलं की समोरच्या हॉटेलातली माणसं चहा टाकून बघायला आली. मला तर लय अभिमान वाटला!

*

टर्बोला शिट्टी असते. सुभेदारांना ती भारी आवडली. घरी गेल्यावर दारात जीप उभी करून त्यांनी जोरात रेस केली. एकदा, दोनदा, तीनदा.

त्या दिवशी जेवायला मी तिथंच होतो. डाळ कच्ची!

काकी म्हणाल्या, "तीन शिट्ट्या झाल्या म्हणून मी गॅस बंद केला की!"

*

पूर्वी त्या जीपला उसाचा ट्रॅक्टरसुद्धा मागं टाकायचा. ट्रायलला मी शेजारी बसलो होतो. सुभेदारांनी पहिल्यांदा ट्रॅक्टर ओव्हरटेक केला. इतका आनंद झाला, की कडेला थांबून त्याला पुढं जाऊ दिलं आणि परत ओव्हरटेक केला. असं चारदा!

पाचव्यांदा आम्ही थांबलो तसा तोही थांबला. ड्रायव्हर ओरडला, "आवं आजोबा, पुढं जायाचंय का मागं, एकदा ठरवा की!"

*

आणि मग घाट. पुढं सुभेदार आणि काकी, मागं मी, मिस्त्री आणि माहेरच्या सामानाची पोती. जीप सुसाट. मिस्त्री मिशीला पीळ देत होता.

तिथं एक खडं वळण आहे. गाडी वाटेत बंद पडेल म्हणून सुभेदार दरवर्षी आम्हा दोघांनाही बरोबर न्यायचे. जुन्या इंजिनाच्या काळात तिथं सगळ्यांनी उतरायचं, ढकलायचं आणि काकींनी दगड घेऊन चाकामागं चालायचं, ही वर्षानुवर्षांची वहिवाट. वळण आलं, सुभेदारांनी सवयीनं गाडी हळू केली आणि आम्ही दोघांनी सवयीनं खाली उड्या मारल्या! मी दगडसुद्धा उचलला.

जीप शिट्टी मारत सरळ वर निघाली.

"सुभेदार! थांबा!" मिस्त्री ओरडला. स्वतः इंजिन बसवलेला माणूस!

सुभेदार ब्रेक लावणार तेवढ्यात काकींनी त्यांचा हात धरला. पदर सावरून आमच्याकडं वळून बघितलं आणि सगळ्या घाटाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"थांबू नगासा! येऊ द्या की चालत!"