उत्तरेचा कुड

सूर्यभान अनवाणी पायानं पानमळ्याच्या उत्तरेले तुराट्यांचा कुड बांधून राहिला होता. अंजनगावात थंडी काही सांगून येत नाही. एका सकाळी पाणी हाताले झोंबते, बस. मग पानं काळी पडतात. शेजाऱ्यांनी कंटाळून वेली उपटल्या होत्या. बापानं लावलेला हा मळा त्याले जाऊ द्यायचा नव्हता.

"पाय फुटून राहिले तुमचे, चप्पल घाला न!" बाहेरून बायको जमुना ओरडली.

"पानमळ्यात चप्पल चालत नाही अन् बाईमाणूसही नाही. जाय घरी!"

पण एवढ्याशा कुडानं वारं अडते काय, हा घोर त्याले होताच.

त्या साली पानं हिरवीच राहिली. सूर्यभान गावभर कुडाची बढाई मारे.

जमुनानं आपली गोधडी फाडून कुडाच्या फटी बाहेरून बुजवल्या होत्या, हे आमा गाववाल्यायले लय उशिरा समजलं.