मशीनचा बर्थडे

नोकरीत पाहिलेले पुष्कळसे मी विसरलो, काही तर मुद्दाम विसरलो. पण एका सपाट काचेवर ओतलेले दूध न दिसणाऱ्या रेषेपाशी येऊन थांबले, तो क्षण अजून जसाच्या तसा डोळ्यांपुढे आहे.

मी पुण्याहून मेलबर्नला शिकायला आलो आणि शिकून झाल्यावर पोलीस झालो. घरच्यांना हे बरीच वर्षे पटले नव्हते. निवृत्तीआधीच्या काळात मी शहराच्या पश्चिमेकडच्या एका ठाण्यात डिटेक्टिव्ह होतो. वेरिबी या उपनगराकडे तोवर आपली माणसे इतकी वाढली होती की मराठीतली तक्रार आली की सहकारी माझ्या टेबलाकडे बोट दाखवून मोकळे व्हायचे. ही केस मात्र मराठीमुळे आली नव्हती. निनावी खबर देण्याच्या फोनवर एक निरोप आला होता. फ्रिजच्या काचा बनवणाऱ्या एका कारखान्यात छपाईचे काम करणारी बाई मुद्दाम माल खराब करते आहे, एवढाच. त्याच दिवशी कारखान्याच्या मालकाचीही रीतसर तक्रार आली आणि फाईल माझ्याकडे आली.

मालक सत्तरीचा, जाडजूड हातांचा ऑस्ट्रेलियन माणूस होता. त्याने मला आधी तक्रार सांगितली नाही. टेबलावर फ्रिजमधली काचेची फळी ठेवली आणि पेलाभर दूध त्यावर ओतले.

आपल्याकडच्या फ्रिजमध्ये ताक सांडले की ते वरच्या फळीवरून निघते आणि थेट खाली कोथिंबिरीपर्यंत पोहोचते, हे मला घरी रोज ऐकायला मिळे. ते अडवायला काचेभोवती प्लास्टिकचा उंच काठ लावतात आणि त्या काठाच्या फटीत मग वर्षभराची घाण साठते. या काचेला काठच नव्हता. ती पार कडेपर्यंत सपाट होती. दूध पसरत गेले. मी हातातली वही उचलून घेतली, कारण ते आता माझ्या पँटवर येणार याची मला खात्री होती. पण कडेच्या दोन बोटे अलीकडे दूध थांबले. त्याची कड गोल झाली, फुगली, पण एक थेंबही पुढे गेला नाही. मालकाने फळी जराशी तिरकी केली. दूध त्या बाजूला जमले आणि तिथेच राहिले.

माझ्या तोंडून मराठीतच "अरे देवा" निघाले.

"येस मेट," मालक हसला, "सगळे असंच काहीतरी म्हणतात."

युक्ती अशी होती. काच कापून, कडा घासून झाल्या की तिच्यावर चारी बाजूंनी पारदर्शक लेपाची एक पट्टी छापायची आणि भट्टीत भाजायची. मग त्याच पट्टीवर एक रंगहीन द्रावण छापायचे. ते वाळले की डोळ्यांना काही दिसत नाही, पण पाणी त्यावर पाय ठेवत नाही. छापण्यासाठी चौकटीत ताणलेली एक बारीक जाळी असते. जाळीवर द्रावण घालून रबराची पट्टी ओढायची, की जाळीच्या उघड्या भागातून द्रावण काचेवर उतरते. माणसाने न दिसणारी भिंत बांधली होती आणि ती छापत होती एक बासष्ट वर्षांची बाई.

तिच्यावरच संशय होता.

तिच्या मशीनवरच्या फळ्या एका कोपऱ्यातून गळू लागल्या होत्या. तपासणीत निळे पाणी ओतले की ते तिथूनच निसटायचे. गळतीची जागा बोटाच्या टोकाएवढी होती. सगळ्यांचा तर्क एकच होता. द्रावण ओले असताना बाई बोटाने ते पुसून टाकते. नवी स्वयंचलित मशीन येणार म्हणून ती चिडलेली होती, हे तिनेही लपवले नव्हते. फ्रिजच्या एका मोठ्या कंपनीने शेवटची चाचणी लावली होती आणि ती नापास झाली तर ही काच बाजारात येणारच नव्हती. मालकाने बाईला घरी बसवले होते.

हा तर्क ज्याने मांडला तो कारखान्याचा डिझाईन इंजिनिअर. पस्तिशीचा, पुण्याचा, राहायला वेरिबीला. ही काच त्याच्या डोक्यातून निघाली होती. माझ्या ओळखपत्रावरचे नाव वाचल्याबरोबर त्याचा चेहरा उजळला.

"काका, तुम्ही मराठी? बरं झालं! आता नीट समजावून सांगता येईल."

त्याने चहा आणला. आलं घातलेला, घरून थर्मासमध्ये आणलेला. मी तो प्यायलो आणि त्याचे म्हणणे ऐकून घेतले. त्याचा जबाब मी कँटीनमध्ये बसून लिहिला. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण माझ्या ती फार उशिरा लक्षात आली.

बाईला मात्र मी ठाण्यावर बोलावले. रेकॉर्डिंग सुरू केले आणि तिला तिचे हक्क वाचून दाखवले. ती बोलायला बांधील नाही, बोलली तर ते पुरावा म्हणून वापरले जाईल, वगैरे. माझी वरिष्ठ, एक सिनियर सार्जंट, शेजारी बसली होती. बाई ताठ बसून होती.

"तेवीस वर्षं त्या जाळीवर काम केलंय," ती म्हणाली. "मला हाकलायचं तर म्हातारी झालीस म्हणून हाकला. चोर म्हणून नको."

मी तिला विचारले, मशीनमध्ये मधल्या काळात काही बदल केला होता का?

"काहीच नाही. ऑक्टोबरात तिचा बर्थडे झाला, त्यानंतर कुणी हातसुद्धा लावला नाही."

मशीनचा बर्थडे. कारखान्यातली काहीतरी गंमत असेल म्हणून मी ते लिहून घेतले आणि पुढे गेलो.

मग टेबलावर मुद्देमाल म्हणून ठेवलेल्या फळीकडे तिने बोट दाखवले. "हात लावू?" मी मान हलवली. तिने फळी तोंडाजवळ घेतली आणि आपण चष्म्यावर हाऽऽ करतो तशी त्या कोपऱ्यावर फुंकर घातली. वाफ धरली आणि ती न दिसणारी पट्टी क्षणभर दिसू लागली. पट्टीला आरपार छेदणारी एक मोकळी जागा होती. निमुळती, वरच्या बाजूला किंचित ओढलेली. प्रयोगशाळेकडून आठवडाभर जे कळले नव्हते ते त्या बाईने एका श्वासात दाखवले. सिनियर सार्जंट खुर्चीतून अर्धी उठली. मीही थक्क होऊन बघत राहिलो.

बाईने आपले बोट त्या ठशाशेजारी धरले. जाड, रुंद, कामाने चपटे झालेले बोट. "हे माझं आहे का, तूच सांग."

वाफ उडून गेली आणि काच पुन्हा कोरी झाली.

दुसऱ्या दिवशी मी कारखान्यात जाऊन खराब ठरलेल्या फळ्या मागवल्या आणि मोजपट्टी घेऊन एकेकीचे माप घ्यायला बसलो. प्रत्येकीवर फुंकर मारायची, मोकळी जागा शोधायची, कडेपासूनचे अंतर लिहायचे. फुंकून फुंकून गाल दुखले. पण सगळ्या फळ्यांवर अंतर तेच, आकार तोच आणि तिरकेपणाही तोच. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी एक गोष्ट पक्की शिकलो आहे. माणूस तीच लबाडी दुसऱ्यांदा करतो तेव्हा हात थोडा तरी इकडेतिकडे जातो. इतके तंतोतंत फक्त यंत्राला जमते. म्हणजे दोष बाईच्या बोटात नव्हता, जाळीत होता.

"काका, जाळी मी स्वतः दिव्यासमोर धरून पाहिली," इंजिनिअर म्हणाला. "रोज शिफ्ट संपल्यावर द्रावण विरघळवणाऱ्या सॉल्व्हंटने धुतात. त्यात काही राहूच शकत नाही."

जाळीचा बाकीचा भाग बंद करणारा लेप मुळातच लालसर होता. मलाही काही दिसले नाही. पंचनाम्यासाठी मशीनचे वर्णन लिहायला मी तिच्या पाठीमागची पितळी पाटी वाचली. मशीन बसवल्याचा महिना मार्च होता. बाईच्या जबाबाप्रमाणे मशीनचा बर्थडे झाला होता ऑक्टोबरात. मी तिथूनच तिला फोन लावला.

"बर्थडेला काय केलं होतं?"

"काही नाही. त्या मुलाने स्वीट्स वाटले. दुधाचे, पिवळे, चपटे. मशीनला फूल लावलं. म्हणाला आज मशीनचा बर्थडे आहे. गोड मुलगा आहे तसा."

पेढे. फूल. ऑक्टोबर. मी फोन ठेवला आणि कपाळावर हात मारून घेतला. परदेशात राहणाऱ्या आपल्या माणसांची ही जुनी खोड, आणि तीत मीही आलोच. सणाचा अर्थ सांगत बसण्याचा कंटाळा म्हणून आपण सगळ्याला बर्थडे म्हणून टाकतो. ठाण्यात मोदक नेले तेव्हा मीसुद्धा 'बर्थडे' म्हणूनच सुटलो होतो. दसऱ्याला हत्यारांची, यंत्रांची पूजा करतात हे कोण समजावणार? आणि पूजा म्हटली की फूल आले, आणि फुलाच्या आधी काय येते?

आठवडाभर मी फाईलमध्ये 'फिंगर मार्क' असे लिहीत होतो. ते मनातल्या मनात एकदा मराठीत म्हटले असते, तर केस त्याच दिवशी सुटली असती. ते कुंकवाचे बोट होते. अनामिकेने, खालून वर ओढलेले.

मी इंजिनिअरला मशीनपाशी बोलावले.

"दसऱ्याला कुंकू कुठे लावलंस?"

"चौकटीला, काका. म्हणजे..." तो थांबला. "चौकटीवर तिला आवळणारे क्लॅम्प होते. जागा नव्हती. म्हणून जाळीच्या कोपऱ्यावर टेकवलं. ओलं करून. पण लगेच पुसलं होतं! आणि रोज तर सॉल्व्हंटने..."

"आता काका म्हणू नकोस. साहेब म्हण. सॉल्व्हंटने ओलं कुंकू निघतं का?"

उत्तर त्यालाच माझ्यापेक्षा चांगले ठाऊक होते. पाण्यात कालवलेले कुंकू जाळीच्या बारीक छिद्रांत खळीसारखे वाळून बसले होते. त्या जाळीला रोज सॉल्व्हंट मिळत होते, पाणी मात्र एकदाही मिळाले नव्हते. पाणी अडवणारी काच जिच्यावर बनत होती, तिला पाणी लावायचे कुणालाच सुचले नव्हते.

तो सिंककडे गेला. कोमट पाण्यात पांढरे फडके बुडवून आणले आणि जाळीच्या कोपऱ्याखाली हलकेच दाबून धरले. फडके उलटे केले तेव्हा त्यावर फिकट लाल डाग होता.

मी ते फडके पिशवीत घालून सील केले. मग तो म्हणाला, "साहेब, तो निनावी फोनही मीच केला होता. मला खरंच वाटलं होतं, तीच करतेय."

खोटी खबर देणे वेगळे आणि चुकीच्या समजुतीने दिलेली खबर वेगळी. कायदाही हा फरक करतो. मी त्याला स्पष्ट सांगितले की यात गुन्हा कुणाचाच नाही. जाळीतील अडथळ्यामुळे दोष, असे एका ओळीत लिहून मी फाईल बंद करू शकतो. अडथळा कसला होता, हे मालकाने विचारले तरच सांगेन. मला ठाऊक होते की त्याचा व्हिसा या नोकरीवर होता. बायको होती, शाळेत नुकतीच रुळलेली मुलगी होती.

"एका ओळीत लिहिलंत तर तिचं नाव धुऊन निघणार नाही," तो म्हणाला. "लोक म्हणतील, पुरावा मिळाला नाही म्हणून सुटली. मीच सांगतो."

त्याने जेवणाच्या सुट्टीत सगळ्या कामगारांना मशीनपाशी गोळा केले. बाईलाही बोलावून घेतले होते. ती कोट न काढता दाराशी उभी राहिली. इंजिनिअरने दसरा म्हणजे काय हे पहिल्यांदाच, अडखळत, नीट समजावून सांगितले. कुंकू सांगितले, फोन सांगितला. मग तो तिच्यापुढे जाऊन उभा राहिला आणि वाकून तिच्या पायांना हात लावू लागला. बाई दचकून मागे सरली.

"काय करतोय हा?" तिने मला विचारले.

"माफी मागतोय," मी म्हणालो. एवढ्या वर्षांत इतके चोख भाषांतर मी दुसरे केले नसेल.

तिने कोट काढून खुंटीला अडकवला आणि म्हणाली, "जाळी नीट वाळव. ओल्या जाळीवर मी छापत नाही."

मालकाने त्याला ठेवून घेतले. हात जोडून मशीनपुढे उभा राहणारा दुसरा इंजिनिअर आपल्याला मिळणार नाही, असे त्याचे म्हणणे होते. चाचणीत काच उत्तीर्ण झाली. आज ती कुणाकुणाच्या फ्रिजमध्ये असेल आणि त्यांना तिच्यावरची रेषा कधी दिसणारही नाही.

या केसने मला काय शिकवले, असे मला एका कार्यक्रमात विचारले होते. तिथे मी काहीतरी साधेसे सांगून वेळ मारून नेली. खरे इथे लिहितो. परक्या बाईला मी हक्क वाचून दाखवले आणि कॅमेऱ्यासमोर बसवले. आपल्या मुलाला मी चहा पीत विचारले. तो काका म्हणाला आणि मी काका झालो. तिने पहिल्याच दिवशी खरे सांगितले होते, ते मी गंमत समजून सोडून दिले. पाणी अडवायची रेषा त्या कारखान्याने काचेवर छापली होती. माझ्या मनातली रेषा कुणी छापली, ते मला माहीत नाही. पण तीही दिसत नव्हती आणि तिनेही बरेच काही अडवून धरले होते.

पुढच्या वर्षी सप्टेंबरच्या शेवटी ठाण्यावर माझ्यासाठी फोन आला. छपाईवाली बाई होती. तिला मशीनच्या बर्थडेची तारीख हवी होती.

"तो मुलगा या वर्षी काही करणार नाही म्हणतो. घाबरलाय. तू ये आणि त्याला सांग."

मी गेलो. मशीन झाडूनपुसून लख्ख केली होती. जाळीच्या चौकटीवरचा एक क्लॅम्प तिने स्वतः काढून बाजूला सरकवला होता आणि त्या मोकळ्या जागेवर पांढऱ्या चिकटपट्टीचा एक चौकोन लावला होता. जाळीपासून चांगला वीतभर लांब. त्यावर जाड पेनने एवढेच लिहिले होते: 'बोट इथे.'

इंजिनिअरने ते वाचले आणि त्याला हसू फुटलेच. कुंकवाची डबी त्याच्या बॅगेत होतीच. त्याने अनामिका ओली केली, बुडवली आणि त्या चौकोनात, खालून वर, एक बोट ओढले.

"झालं?" बाईने विचारले. मग तिने रबराची पट्टी हातात घेतली आणि कामाला लागली.