१०००१ नंबरचा डबा

चिंचवडच्या रेल्वे फाटकावर रोज माझी सायकल अडायची. पिंपरीच्या औषधांच्या कारखान्यात मी नवा लागलो होतो, उशीर परवडणारा नव्हता. पण त्या म्हाताऱ्या फाटकवाल्यावर काही चिडता येत नसे. हिरवं निशाण धरून तो रेंगाळणाऱ्या मालगाडीच्या डब्यांवरचे आकडे वाचायचा आणि कोणत्या आकड्यानं भाग जातो ते पुटपुटायचा, "ह्यो नवानं जातोय... ह्यो सतरानं..." तिसापर्यंतचे पाढे त्याला तोंडपाठ होते.

शेवटी गार्डाचा डबा यायचा, नंबर १०००१. तो आला की निशाण जरा उंच जाई.

"ह्यो कुनाच्याच पाढ्यात बसत न्हाई," तो मला सांगायचा. "माझ्यावानी एकलाच हाय."

मला राहवेना. एक अख्खा रविवार मी भागाकार करण्यात घालवला.

"मामा, त्र्याहत्तर गुणिले एकशे सदतीस!" सोमवारी मी सायकलवरूनच ओरडलो.

त्यानं फाटकाच्या खांबावर खडूनं गुणाकार मांडला आणि बराच वेळ बघत राहिला. कशाला बोललो, असं मला झालं. तेवढ्यात तो हसला.

"म्हंजी व्हते व्हय दोघं! मीच तिसावर थांबलो."

पुढच्या खेपेला तो डबा गेला तेव्हा निशाण तसंच उंच होतं, आणि दुसऱ्या हाताची दोन बोटं माझ्याकडे.