मालनताईंची सर्वसाधारण सभा

मालनताई भोईटे शांत बसलेल्या मी फारशा पाहिल्या नाहीत. चहाला बोलवावं तर कप हातात घेऊन गॅलरीत जायच्या, खाली वाकून बघायच्या आणि ओरडायच्या, “अहो, तो नळ बंद करा की!” चहा तसाच राहायचा. ठाण्याला कोपरीत आमची स्नेहवर्धिनी सोसायटी उभी राहिली ब्याऐंशी साली, आणि पहिल्या वर्षापासून या बाई आमच्या सेक्रेटरी. त्यांना कोणी निवडून दिलं नव्हतं. दुसरं कोणी तयार नव्हतं, एवढंच.

मी त्यांची शेजारीण, सुमती गद्रे. माझं माहेर नौपाड्यातलं, जीभ तिखट, आणि लोकांना गोळा करण्याची मला मुळीच हौस नाही. ज्याला यायचं तो येईल, नाही आला तर त्याच्याशिवाय उरकावं, हे माझं मत. मालनताईंचं नेमकं उलट. बाई फलटणकडच्या. गावात बायकांनी चावडीवर जायचं नाही, आणि इथे बघावं तर चावडीच रिकामी. हे त्यांना सहनच होत नसे.

त्याला कारणही होतं. आम्ही राहायला आलो त्याच वर्षी त्यांच्या सासूबाई गेल्या, भर दुपारी. पुरुषमाणसं कामावर, बायका दारं लावून आडव्या झालेल्या. मालनताई प्रत्येक दाराची बेल वाजवत फिरल्या. मी आणि तळमजल्यावरचे आबा प्रधान सोडले तर कोणी बाहेर आलं नाही. दारांवरच्या भोकांतून डोळे तेवढे दिसले. तेवढ्यात शेवंती कोळीण आली. आमच्या आवाराच्या मागच्या कोपऱ्यातून एक पायवाट जायची. खाडीकडच्या कोळीवाड्यातल्या बायका बिल्डिंग व्हायच्या कितीतरी आधीपासून त्याच वाटेने टोपल्या घेऊन बाजाराला जात. शेवंतीने टोपली जिन्यात ठेवली, परत वाड्यात पळत गेली आणि नवऱ्याला, दिरांना घेऊन आली. म्हातारीला खांदा कोळ्यांनी दिला. मालनताईंचे यजमान विठ्ठलराव कारखान्यातून पोचले तेव्हा सगळी तयारी झालेली होती.

तेव्हापासून मालनताई जी बेल वाजवायला लागल्या, ती थांबल्याच नाहीत. गच्चीवर कोजागिरी, सव्वीस जानेवारीला सत्यनारायण, टाकी धुणं, झाडं लावणं. प्रसादाला माणसं उदंड, खड्डा खणायला आम्ही चौघं-पाचजण. आणि वार्षिक सर्वसाधारण सभा म्हणजे तर निव्वळ थट्टा. सोसायट्यांचा नियम असा, की पुरेशी माणसं नसली तर सभा तहकूब करायची आणि अर्ध्या तासाने त्याच जागी पुन्हा भरवायची. मग कितीही थोडे असले तरी चालतं. हा नियम सगळ्यांना तोंडपाठ. त्यामुळे पहिल्या वेळेला कोणी यायचंच नाही, आणि दुसऱ्या वेळेला यायचो आम्ही नेहमीचे. अर्धा तास आम्ही खुर्च्यांवर शेंगदाणे खात बसायचो, आणि मालनताई गेटपासून जिन्यापर्यंत येरझारा घालायच्या. शेवटी आबा, म्हणजे आमचे अध्यक्ष, सांगायचे, “लिहा, सर्वानुमते मंजूर.”

“कसलं सर्वानुमते हो आबा? माणसं कुठायत?” मालनताई चिडायच्या. पण लिहायच्या.

माणसं यावीत म्हणून त्यांनी काय काय केलं! एका वर्षी सभा जिन्याच्या खालीच भरवली, म्हणजे घरी जायला बसलेल्यांना ओलांडावं लागेल. लोक खुशाल ओलांडून गेले. एका वर्षी सभेच्या वेळेला पंपच बंद ठेवला. माणसं बादल्या घेऊन भांडायला खाली आली, तर ह्या म्हणतात, “आलात ना? बसा आता.” बसलं कोणीच नाही. बोलणी मात्र पोटभर खाल्ली. मी म्हणायचे, “मालनताई, पालथ्या घड्यावर पाणी आहे हे.” त्या तोवर पुढच्या दारापाशी गेलेल्या असायच्या.

एक्क्याण्णव साली तिसऱ्या मजल्यावर ताम्हाणे राहायला आले. माणूस हुशार, बोलणं गोड, कपडे कडक इस्त्रीचे. वर्षाच्या आत त्यांची नवी स्कूटर आवारातून चोरीला गेली. चोर कोणी पाहिला नव्हता, पण तो मागच्या पायवाटेनेच आला असणार, हे ताम्हाण्यांनी ठरवून टाकलं. त्यांनी ठराव दिला: मागे भिंत घालावी, वाट बंद करावी. नकाशाप्रमाणे तो कोपरा सोसायटीचाच होता. माशांचं पाणी सांडतं, वास येतो, हेही त्यांनी जोडलं.

वाट बंद म्हणजे कोळणींना नाल्याला वळसा घालून मोठ्या रस्त्याने जायचं, ट्रकांच्या गर्दीतून, डोक्यावर ओझं घेऊन. शेवंतीचे गुडघे तेव्हाच धरायला लागले होते. आमच्याकडे मासे चालत नाहीत, मला त्या टोपलीशी काही घेणंदेणं नव्हतं. पण म्हातारीला खांदा ज्या वाटेने आला ती वाट बुजवायची म्हणजे मला तरी निर्लज्जपणाच वाटला.

मी मालनताईंना सरळ सांगितलं, “यंदा कुणाची बेल वाजवू नका. नेहमीसारखी सभा तहकूब होऊ द्या. अर्ध्या तासाने आपण नेहमीचे बसू आणि ठराव फेटाळून टाकू. ताम्हाणे एकटे काय करणार आहेत?”

“म्हणजे चोरून?”

“चोरून कसलं? नियमानेच.”

“नाही हो सुमतीताई. इतकी वर्षं ‘या, या’ म्हणून घसा कोरडा केला, आणि आता मला पाहिजे तसं व्हावं म्हणून गप बसू? समजावून सांगितलं तर लोकांना कळतंय की. माणसं वाईट नाहीत आपली.”

“वाईट नाहीत, पण तुमचीही नाहीत,” मी म्हटलं. राग आला होता मला.

त्या निघाल्यासुद्धा. पंधरा दिवस बाईंच्या पायाला भिंगरी. सकाळी दूध घ्यायला दार उघडलं की समोर मालनताई. ऑफिसातून माणूस आला की जिन्यात मालनताई. घरी भाजी करपायची, विठ्ठलराव डबा न घेताच पहिल्या पाळीला जायचे. प्रत्येकाला त्या एवढंच सांगत, “भिंतीचा विषय आहे, काय ते समोर येऊन बोला.”

आणि त्या रविवारी माणसं आली. पहिल्याच वेळेला, सगळी! टीव्ही बंद करून आली, घरातल्या खुर्च्या घेऊन आली. बायका आल्या, आजारी माणसं आली. मालनताईंचा चेहरा असा उजळला होता की मला बघवेना. त्या धावत जाऊन सतरंज्या घेऊन आल्या, पाणी वाटलं, पुन्हा एकदा उगाच गेटपर्यंत जाऊन आल्या.

ताम्हाणे बोलले. मुलं लहान आहेत, बिल्डिंग उघडी आहे, आज स्कूटर गेली, उद्या काय? माना डोलल्या. मग मालनताई उभ्या राहिल्या. “आमच्या सासूबाई गेल्या तेव्हा,” असं त्यांनी सुरू केलं, तर मागून कोणीतरी म्हणालं, “ताई, ते वैयक्तिक झालं. विषयावर या.” त्या थांबल्या. मग नुसतं म्हणाल्या, “निदान भिंतीला एक फाटक ठेवू या.” त्यावर एकदम कालवा झाला. फाटकाला कुलूप कोण लावणार, किल्ली कोण सांभाळणार, भिंत घालायची तर धड घाला.

आबांनी हात वर करायला सांगितले. हात मोजायचं काम सेक्रेटरीचं. मालनताई रांगांमधून चालत मोजायला लागल्या. ज्या घरांना शेवंती दर बुधवारी पायरीवर बसून मासे साफ करून द्यायची, त्या घरांतले हातही वर होते. मध्येच त्यांचा हिशेब चुकला, पुन्हा पहिल्यापासून मोजलं. विरोधात आम्ही नेहमीचेच.

आणि पुढे जे झालं त्याने माझं डोकंच फिरलं. भिंतीसाठी समिती नेमायची म्हटल्यावर माणसांची रीघ लागली. ज्यांना दहा वर्षांत झाडाला तांब्याभर पाणी घालायला सवड नव्हती ते रोज संध्याकाळी विटा बघायला उभे. सिमेंट कुठलं चांगलं यावर वाद, कुणाकडून चहा, कुणाकडून भजी. एकमेकांची नावं कळली, मुलांची लग्नं तिथे जुळायची बाकी राहिली होती. ताम्हाणे एकदा मालनताईंना म्हणाले, “ताई, खरं श्रेय तुमचं. तुमच्यामुळे सोसायटी एकत्र आली.” तो माणूस मनापासून बोलत होता, हे जास्त वाईट. मालनताई तडक वर गेल्या आणि रात्रीपर्यंत घरातच चालत राहिल्या. मध्ये एकच भिंत, मला पावलं ऐकू येत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात आल्या. “शेवंतीला मीच सांगते. विटा बघून कळायला नको. चला माझ्याबरोबर.”

त्याच वाटेने आम्ही कोळीवाड्यात गेलो. शेवंती ओट्यावर जाळं पसरून बसली होती. मालनताईंनी उभ्याउभ्याच सांगून टाकलं. सभा झाली, भिंत होणार, फाटक मागितलं तेही मिळालं नाही. एका दमात सगळं.

शेवंती ओरडेल, शिव्या देईल, अशी माझी तयारी होती. तिने नुसतं विचारलं, “आयलीव्हती का गो सगली?”

“आले होते. सगळे आले होते,” मालनताई म्हणाल्या. “मीच बोलावलं. घरोघरी जाऊन, एकेकाला. न विचारता काही करायचं नाही म्हणून. ज्याचा ज्याचा संबंध आहे त्या प्रत्येकाला सांगितलं मी, एकही दार सोडलं नाही.”



“मंग मना बी बोलवाचा व्हता,” शेवंती म्हणाली, रागाने नाही.

मालनताईंनी माझ्याकडे पाहिलं. सभेला बोलावतात ते सभासदांना, असं मी म्हणू शकले असते, माझी जीभ एरवी कुठे अडते? पण आम्हा दोघींना हे पंधरा दिवसांत एकदाही सुचलं नव्हतं. मला फार लाज वाटली. शेवंतीने जाळं बाजूला सारून आम्हाला बसायला जागा केली, आणि आत कुणाला तरी चहा टाकायला सांगितलं.